पॉझिटिव्ह येणं कुणाला परवडतं?

जुलै २०२० मध्ये मुंबईत सुमारे सात हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या भागांतले तीन वॉर्ड त्यासाठी निवडले होते. मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या पाहणीत एकच गोष्ट शोधायची होती: कोरोना कुणाकुणाच्या अंगात येऊन गेलाय? उत्तर आलं ते असं. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांना, आणि त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये शंभरातल्या १६ जणांना.

वॉर्ड तोच, पाऊस तोच, बाजारही बहुतेक तोच. मधे कधी नाला, कधी रेल्वेचा रूळ, कधी नुसती एक भिंत.

आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. त्या महिन्याच्या अखेरीस मुंबईत नोंद झालेले एकूण रुग्ण होते लाखाच्या थोडे वर. शहराची वस्ती सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे टीव्हीवर रोज दिसणाऱ्या आकड्याप्रमाणे शंभरात एकालाही कोरोना झालेला नव्हता. रक्त मात्र वेगळंच सांगत होतं. दोन्ही आकडे खरे होते. आपण रोज ‘रुग्ण’ म्हणून मोजत होतो ती ‘चाचणी होऊन पॉझिटिव्ह आलेली माणसं’ होती, आणि चाचणीपर्यंत कोण पोचतं हे विषाणू ठरवत नाही. ते घर, पगार, अंतर आणि भीती यांवर ठरतं.

साथ ओसरली की तिच्याबद्दल बोलायचा कंटाळा येतो, हे मला कळतं. पण पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा हेच आकडे समोर येतील, आणि ते वाचायचे कसे हे आधीच माहीत असलेलं बरं.

तीन चाचण्या, तीन वेगळे प्रश्न

त्या काळात ‘टेस्ट केली’ हे शब्द आपण सरसकट वापरायचो. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या चाचण्या होत्या आणि प्रत्येकीचा प्रश्न वेगळा होता. एक पाहुणा घरी आला आहे अशी कल्पना करा. आरटी-पीसीआर विचारते, ‘पाहुण्याचा एखादा कागदाचा कपटा तरी घरात सापडतो का?’ अँटिजेन चाचणी विचारते, ‘पाहुणा आत्ता बैठकीच्या खोलीत ढळढळीत दिसतो आहे का?’ आणि रक्तातली अँटीबॉडी चाचणी विचारते, ‘पाहुणा कधी येऊन गेला होता का?’ मुंबईची पाहणी झाली ती या तिसऱ्या प्रकाराने.

आरटी-पीसीआरमध्ये नाकातून किंवा घशातून स्वॅब घेतात. त्यात विषाणूची जनुकीय अक्षरं असली तर यंत्र त्यांच्या प्रती काढतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात, आणि मग अगदी पुसटसा मागमूससुद्धा यंत्राला दिसतो. रिपोर्टवर जी ‘सीटी व्हॅल्यू’ असायची, ती म्हणजे विषाणू दिसायला किती फेऱ्या लागल्या याचा आकडा. कमी फेऱ्यांत दिसला तर नमुन्यात विषाणू भरपूर, जास्त फेऱ्या लागल्या तर थोडा. लोक या आकड्यावरून आजार किती गंभीर ते ठरवू लागले, पण तेवढ्यासाठी तो आकडा भरवशाचा नाही. स्वॅब नीट घेतला की नाही यानेसुद्धा तो बदलतो.

अँटिजेन चाचणी जून २०२० पासून भारतात वापरात आली. पंधरा-वीस मिनिटांत निकाल, प्रयोगशाळेची गरज नाही, वस्तीच्या तोंडाशी टेबल मांडूनही करता येते. अडचण एवढीच की विषाणू भरपूर असला तरच ती पकडते. परवानगी देताना आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, स्वतः केलेल्या तपासणीत ती खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ५१ ते ८४ टक्के पकडते असं आढळलं होतं. निरोगी माणसाला निरोगी म्हणण्यात मात्र ती जवळजवळ चुकत नव्हती, ९९.३ ते १०० टक्के.

या टक्क्यांचा प्रत्यक्षात अर्थ काय होतो ते हिशोब मांडल्याशिवाय कळत नाही. समजा एका गावात दहा हजार लोक आहेत आणि त्यांतल्या फक्त शंभरांना संसर्ग आहे. चाचणी शंभरातले साठ पकडते असं धरू, आणि निरोगी माणसांच्या बाबतीत ती दोनशेत एकदा चुकते असं धरू. साऱ्या गावाची चाचणी केली तर साठ खरे रुग्ण सापडतील, चाळीस जण ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन निर्धास्त घरी जातील आणि सुमारे पन्नास निरोगी माणसं विनाकारण पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या एकशे दहांतले जवळपास निम्मे चुकीचे. तीच चाचणी अशा वस्तीत करा जिथे दहा हजारांत दोन हजारांना संसर्ग आहे. बाराशे खरे रुग्ण सापडतील आणि चुकून पॉझिटिव्ह फक्त चाळीस. पण सुटून गेलेले आठशे! चाचणी तीच, डबी तीच. ती कुठे वापरली यावर तिच्या उत्तराचा अर्थ बदलला.

म्हणून नियम असा होता की लक्षणं असूनही अँटिजेन निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर करायचीच. कागदावर नियम बिनचूक. पण दुसऱ्या चाचणीसाठी पुन्हा रांग, पुन्हा एक खाडा, आणि निकाल येईपर्यंत दोन-तीन दिवस घरी बसणं. ज्यांचा पगार घरी बसूनही येत होता त्यांनी हा नियम पाळला. नाक्यावर उभं राहून काम शोधणाऱ्या माणसाच्या हातात ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद पडल्यावर तो पुन्हा रांगेत का उभा राहील? हे सुटलेले रुग्ण सगळीकडे सारखे सुटले नाहीत.

शितावरून भात

शितावरून भाताची परीक्षा करतात. पण ते शीत पातेल्याच्या कुठल्या भागातलं? वरवरचं काढून चेपलं आणि भात झाला म्हटलं, तर खाली तो कच्चा असू शकतो किंवा करपलेलाही. चाचण्यांच्या आकड्यांचंही असंच होतं.

मार्च-एप्रिल २०२० मध्ये चाचण्या मोजक्या होत्या. सुरुवातीला साऱ्या देशाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जात. मुंबईत कस्तुरबा रुग्णालय होतं. चाचणी कुणाची करायची? परदेशातून आलेल्यांची आणि त्यांच्या संपर्कातल्यांची. त्या घडीला ते बरोबरच होतं, कारण विषाणू विमानाने आला होता. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यात सापडले, ते दुबईहून परतलेले. पण आपण ज्या भागात बघत होतो त्याच भागात रुग्ण दिसत होते. विषाणू मात्र तोवर चाळीत आणि झोपडपट्टीत उतरला होता.

यासाठी एक साधं माप आहे, चाचण्यांतल्या पॉझिटिव्हचं प्रमाण. शंभर चाचण्यांत पॉझिटिव्ह किती? हा आकडा तीस-पस्तीस असेल तर समजायचं की आपण फक्त अगदी आजारी पडलेल्यांनाच तपासतो आहोत आणि बाहेर कितीतरी जण न मोजलेले आहेत. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी सुचवलेला निकष होता पाच टक्क्यांहून कमी, तोही सलग दोन आठवडे. ‘आज रुग्ण घटले’ असं वाचलं की मी त्या दिवसाच्या चाचण्या किती झाल्या ते आधी बघते. रविवारी चाचण्या कमी, म्हणून सोमवारी रुग्ण कमी; हे वर्षभर चाललं आणि वर्षभर लोक सोमवारी सुटकेचा नि:श्वास टाकत राहिले.

या मापाचीही मर्यादा आहे. ते साऱ्या जिल्ह्याचं काढलं तर आतला फरक बुजतो. पाच टक्के हा आकडा एका वॉर्डाचा दोन आणि शेजारच्या वॉर्डाचा वीस मिळूनही येतो.

चाचणीची खरी किंमत

मार्च २०२० मध्ये खासगी प्रयोगशाळेतल्या चाचणीची कमाल किंमत ठरली ४,५०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिलला ती सगळ्यांसाठी मोफत करायला सांगितलं आणि पाच दिवसांनी तो आदेश परवडत नसलेल्यांपुरता केला. पुढे पुण्याच्या मायलॅबसारख्या कंपन्यांचे देशी किट आले, प्रयोगशाळा वाढल्या, महाराष्ट्र सरकार दर खाली आणत गेलं. जूनमध्ये २,२०० आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ५०० रुपये. सरकारी केंद्रात तर ती फुकटच होती.

तरीही लोक चाचणी टाळत होते. ‘अडाणी आहेत, घाबरतात’ असं म्हणून आपण मोकळे झालो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी तेव्हा फोनवर म्हटलं होतं, “ताप आहे ना, मग उद्याच टेस्ट करून या, फुकट आहे.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, टेस्ट फुकट आहे हो. पॉझिटिव्ह आले तर ते फुकट नाही.”

त्यांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता. पॉझिटिव्ह आलं की चौदा दिवस चार घरांचं काम बंद. नवरा हाय रिस्क कॉन्टॅक्ट, म्हणून त्याचीही रोजी बंद. चाळीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे लागणार, कंटेनमेंट झोनचा बोर्ड टांगणार, आणि चाळीस घरांना कळणार की ‘यांच्यामुळे’ आपण सील झालो. घरमालक काय म्हणेल ते वेगळंच. उलट चाचणी केलीच नाही तर? बहुतेक वेळा ताप तीन दिवसांत उतरतो. हा निर्णय अडाणीपणाचा अजिबात नव्हता. ज्या माणसाला पॉझिटिव्ह आल्यावर फक्त तोटाच आहे, त्याने चाचणी टाळणं हे त्याच्या जागेवरून बघितलं तर शहाणपणाचंच आहे.

घरी विलग राहण्याची परवानगी ज्यांच्याकडे वेगळी खोली आणि वेगळं शौचालय आहे त्यांच्यासाठी होती. ‘होम क्वारंटाइन’ या शब्दातच किती चौरस फूट गृहीत धरले आहेत, हे दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला लगेच कळतं. हात धुवायला वीस सेकंद वाहतं पाणी हवं. दोन हातांचं अंतर राखायला दोन हात मोकळी जागा हवी. घरून काम करायला घरून होणारं काम हवं. म्हणजे सूचना सगळ्यांना सारखीच होती, ती पाळण्याची किंमत मात्र सारखी नव्हती. सार्वजनिक आरोग्यातली विषमता म्हणतात ती प्रामुख्याने हीच. ती इस्पितळाच्या दारात दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

टाळेबंदीचंही तेच. पगारदाराला ती कंटाळवाणी सुट्टी होती. हातावर पोट असलेल्याला उपास. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी जायला गाडी मिळेल म्हणून ते जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघाले होते. साथीच्या मृतांच्या यादीत ते सोळा कुठेच नाहीत.

धारावीत काय झालं

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरची जागा, साडेसहा लाखांपासून दहा लाखांपर्यंत कुठलाही अंदाज खरा वाटावा एवढी वस्ती, एकेका खोलीत आठ-दहा माणसं, आणि ऐंशी टक्के लोक सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. अशी शौचालयं साडेचारशेच्या आसपास. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की इथे अनर्थ होणार.

जी उत्तर वॉर्ड कार्यालयाने जे केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण त्यात नव्या तंत्रज्ञानाचा भाग फारसा नव्हता. लोक चाचणीला येत नाहीत म्हटल्यावर चाचणी लोकांकडे गेली. गल्लोगल्ली ताप तपासणीची शिबिरं लागली. वस्तीत वर्षानुवर्षं दवाखाना चालवणारे खासगी डॉक्टर, ज्यांच्यावर लोकांचा विश्वास आहे, त्यांना पीपीई किट देऊन दारोदार नेलं. घरी वेगळं राहणं शक्य नाही हे मान्य करून शाळा, सभागृहं आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेतलं, तिथे जेवण, डॉक्टर आणि औषधं फुकट. सार्वजनिक शौचालयं दिवसातून अनेकदा जंतुनाशकाने धुतली, कारण साथीचा खरा रस्ता तिथून जात होता. सील केलेल्या गल्ल्यांत धान्याची पाकिटं आणि शिजवलेलं अन्न पोचवलं, त्यात स्थानिक संस्था आणि मंडळांचा हात मोठा होता.

ताईंच्या हिशोबाशी हे ताडून बघा. विलगीकरणात पोट भरत होतं. मागे राहिलेल्या घरात धान्य येत होतं. दारावर आलेला डॉक्टर ओळखीचा होता. पॉझिटिव्ह येण्याची किंमत थोडी तरी उतरली, आणि लोक पुढे यायला लागले. ७ जुलैला धारावीत दिवसभरात एकच नवा रुग्ण नोंदवला गेला आणि त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं.

पण सुरुवातीचा ५७ चा आकडा विसरून चालणार नाही. तो धारावीचा नाही, मात्र तशाच वस्त्यांचा आहे. जुलैपर्यंत मुंबईच्या झोपडपट्टीतल्या निम्म्याहून अधिक लोकांना संसर्ग होऊन गेला असेल, तर रुग्ण घटण्याचं श्रेय सगळंच उपाययोजनांना देता येत नाही. विषाणूला नवी माणसं मिळेनाशी झाली, हेही एक कारण. हजारो लोक गावी निघून गेले होते, हे दुसरं. आणि वस्तीतले लोक वयाने तरुण, म्हणून मृत्यू कमी, हे तिसरं. माझं मत असं की धारावीत विषाणूला रोखलं गेलं म्हणण्यापेक्षा विषाणू पसरत असताना माणसांना सांभाळलं गेलं, आणि हेसुद्धा लहान काम नाही. मात्र ‘धारावी मॉडेल’ म्हणत टाळ्या वाजवताना एवढ्या लोकांना संसर्ग झाला याची जबाबदारी आपण त्या दहा बाय दहाच्या खोल्यांवर टाकून मोकळे होतो, ते मला मान्य नाही. त्या खोल्या आपल्या शहरानेच तशा ठेवल्या आहेत.

लपवण्याची जुनी सवय

आजार लपवण्यामागे महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांची आठवण आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला, जेमतेम चार कलमांचा. पुण्यात रँडच्या हाताखाली सोल्जर घराघरांत घुसले, सामान बाहेर फेकलं, माणसांना ओढून छावण्यांत नेलं. लोक काय करणार? त्यांनी रुग्ण माळ्यावर लपवले, प्रेतं गुपचूप पुरली. साथ कागदावर कमी झाली आणि प्रत्यक्षात पसरली. २२ जून १८९७ ला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास आपल्याला पाठ आहे.

त्याच वर्षी त्याच पुण्यात दुसरीही गोष्ट घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. त्यातूनच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रुग्णाला वेगळं ठेवणं छावणीतही होतं आणि या दवाखान्यातही. छावणीत माणसं ओढून न्यावी लागत होती.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्राने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. हातावर शाईचे शिक्के मारले गेले. शिक्का कुणी घरी बसावं हे सांगतो, घरी बसल्यावर त्याने खावं काय हे सांगत नाही.

यंत्रसुद्धा निष्पक्ष नसतं

माणसं भेदभाव करतात, यंत्रं करत नाहीत, असं आपल्याला वाटतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवा. तो बोटातून प्रकाश पाठवतो आणि रक्ताने तो किती शोषला यावरून ऑक्सिजन मोजतो. कातडी गडद असेल तर हे मोजमाप चुकू शकतं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवलं की ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना यंत्र ‘ठीक आहे’ म्हणण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. ९४ की ९५ यावर खाट मिळणार की नाही ठरत असताना ही दोन-तीन अंकांची चूक जीवघेणी आहे. शेतात राबून रापलेल्या बोटांवर आपण तेच यंत्र लावत होतो.

ते लावत होत्या आशाताई, म्हणजे सरकारच्या आरोग्य स्वयंसेविका. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम १५ सप्टेंबर २०२० ला सुरू झाली तेव्हा राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. त्यांना पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. कोरोनाच्या कामासाठी केंद्राकडून महिना हजार रुपये. जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या तेव्हा कुठे सरकारने थोडी वाढ मान्य केली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला, आणि आपल्याला अभिमान वाटला. वाटायलाच हवा. पण साथीत सगळ्यात आधी दार ठोठावणारी बाई स्वतः रोजंदारीवर असेल, तर ती आजारी असताना घरी बसेल असं आपण कशाच्या बळावर म्हणायचं?

नंदुरबारचं उदाहरण मला म्हणूनच दिलासा देतं. बहुसंख्य आदिवासी वस्तीचा, राज्यातला मागास म्हणून ओळखला जाणारा जिल्हा. पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर २०२० मध्येच, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी तिथे ऑक्सिजन निर्मितीचा प्रकल्प उभा केला. एप्रिल २०२१ मध्ये मोठी शहरं सिलिंडरसाठी धावत होती तेव्हा नंदुरबारला ऑक्सिजन कमी पडला नाही. लसीची नोंदणी स्मार्टफोनवर करायची होती, पण सातपुड्याच्या पाड्यांवर रेंज नव्हती, तेव्हा तिथे लस गाडीतून गेली.

जे मोजलंच नाही

२०२०-२१ या दोन वर्षांत भारतात कोरोनाने मेलेल्यांची सरकारी संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास. साथीमुळे थेट किंवा आडवाटेने झालेल्या जादा मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज सत्तेचाळीस लाख. भारत सरकारने तो अंदाज अमान्य केला आणि हा वाद पद्धतीचा आहे. एवढं मात्र नक्की की जिथे मृत्यूची नोंदच नीट होत नाही, जिथे दाखल्यावर डॉक्टरने कारण लिहिलेलं नसतं, तिथे माणूस चाचणीविना आजारी पडतो आणि चाचणीविना जातो. त्याच्या घरच्यांना मग भरपाईसाठी कागदही सापडत नाही.

आणखी एक आकडा फारसा चर्चेत आला नाही. २०१९ मध्ये देशात क्षयाचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले. २०२० मध्ये १८ लाख. सहा लाख लोकांचा क्षय एका वर्षात बरा झाला नव्हता. दवाखाने कोरोनात गुंतले, लोक घरात अडकले, आणि क्षयासाठीची यंत्रं कोरोनाकडे वळवली गेली. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारं छोटं यंत्र मुळात क्षय शोधायला गावागावांत पोचलं होतं. एप्रिल २०२० पासून ते कोरोना शोधू लागलं. त्याचा उपयोगही झाला. पण क्षय आणि कोरोना या दोघांचा पत्ता एकच आहे: कोंदट खोली, खूप माणसं, कमी अन्न. एका आजाराचं यंत्र दुसऱ्याकडे गेलं की तोटा त्याच घराचा होतो.

पॉझिटिव्ह येण्याची किंमत सरकार उचलू शकतं का, याचं उत्तर क्षयाच्या बाबतीत मिळालेलं आहे. एप्रिल २०१८ पासून क्षयाच्या प्रत्येक नोंदलेल्या रुग्णाला पोषणासाठी महिना ५०० रुपये मिळू लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. रक्कम तुटपुंजी आहे, कधी कधी उशिराही येते. पण नाव नोंदवलं तर काहीतरी मिळेल, हे त्यामागचं तत्त्व आहे. आणि झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. क्षयाच्या रुग्णांच्या घरातल्या माणसांना, म्हणजे ज्यांना लागण होण्याचा धोका सर्वांत जास्त त्यांना, माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तूरडाळ दिली, शिवाय जीवनसत्त्वांच्या गोळ्या. नवी लस नाही, महागडं औषध नाही. ज्या घरांत फक्त रुग्णाला धान्य मिळालं त्यांच्या तुलनेत या घरांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी निघाले.